दुधाची पिशवी आणि शाम्पूची पुडी

आमच्या घरी ओट्यामागच्या टाइलवर रोज सकाळी दुधाची रिकामी पिशवी चिकटलेली असायची. आई ती कात्रीने उघडायची, दोनदा विसळायची, ते पांढुरके पाणी कुंडीत ओतायची आणि ओली पिशवी टाइलवर थापायची. पाण्याचा पातळ थर तिला धरून ठेवी. दुपारी कधीतरी पाणी उडून गेले की पिशवी आपसूक सुटून ओट्यावर पडे. पडली म्हणजे वाळली. मग ती घडी होऊन फ्रिजवरच्या डब्यात जाई आणि दोन-तीन महिन्यांनी रद्दीवाला आला की पेपरच्या गठ्ठ्यामागोमाग काट्यावर चढे. पैसे किरकोळ मिळत, पण ते आईचे असत. कोपरा कापताना तो तिकोनी तुकडा पिशवीपासून वेगळा करायचा नाही, अशी तिची सक्त ताकीद होती, कारण तो मोरीच्या जाळीत जाऊन बसतो.

त्याच घरात न्हाणीघराच्या खिडकीत शाम्पूची फाडलेली पुडी पडलेली असे. ती कधी कोणी धुतली नाही की टाइलवर थापली नाही. रद्दीवाल्याला दिली असती तर तो हसला असता. हाताला दोन्ही सारख्याच पातळ, आणि आपल्या भाषेत दोन्ही ‘प्लास्टिक’च. पण एकीला भाव होता आणि दुसरीला नव्हता. हा फरक महाराष्ट्रातल्या कुठल्याही रद्दीवाल्याला बोट लावताच कळतो. आपल्या कायद्याला मात्र तो पंचवीस वर्षांत कळलेला नाही, आणि सगळा घोळ तिथेच आहे असे माझे म्हणणे आहे.

कायदा प्लास्टिककडे पाहतो तो जाडी मोजण्याच्या यंत्रातून. १९९९च्या केंद्रीय नियमांनी कॅरीबॅग किमान २० मायक्रॉनची असावी असे ठरवले. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपला रोजचा पेपर साधारण ७० मायक्रॉनचा असतो. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, मुंबई बुडाली, तुंबलेल्या गटारांचे खापर पिशव्यांवर फुटले आणि महाराष्ट्राने ५० मायक्रॉनची रेघ ओढली. केंद्राने २०११ साली ४० आणि २०१६ साली ५० मायक्रॉन केले. पुढे ३० सप्टेंबर २०२१पासून ७५ आणि ३१ डिसेंबर २०२२पासून १२०. आकडा वाढत गेला. प्रश्न तोच राहिला: किती जाड?

हा प्रश्न अगदीच मूर्खपणाचा होता असे मी म्हणणार नाही. त्यामागे एक चांगला हिशेब होता. पॉलिथिन पाण्याहून किंचित हलके. २० मायक्रॉनच्या फिल्मचा एक ग्रॅम पसरला तर सुमारे ५४० चौरस सेंटिमीटर जागा झाकतो, म्हणजे वीतभराहून मोठा चौकोन. एवढा चौकोन गटाराच्या जाळीवर आडवा पडला आणि वरून पाण्याचा दाब आला की जाळी बंद. नाला तुंबतो तो क्षेत्रफळाने, आणि कचरा वेचणाऱ्या बाईचे पोट भरते ते वजनाने. पातळ फिल्मची सगळी गोम या दोन वाक्यांत आहे. तीस बाय चाळीस सेंटिमीटरची पिशवी घ्या. २० मायक्रॉनची असेल तर ती साडेचार ग्रॅमही भरत नाही; किलोभर गोळा करायला सव्वादोनशे वेळा वाकावे लागते. तीच १२० मायक्रॉनची असेल तर साडेसव्वीस ग्रॅमची होते आणि अडतीस पिशव्यांत किलो पुरा होतो. शिवाय ती महाग पडते, त्यामुळे दुकानदार फुकट देताना हात आखडता घेईल, अशी अपेक्षा. जाडीचा नियम हा असा आडून भाव वाढवण्याचा नियम आहे.

पण आडून वाढवलेला भाव आडूनच निसटतो. जाड पिशवी तितक्याच सढळ हाताने दिली गेली, तर कचऱ्यात सहापट प्लास्टिक जाते. आणि पातळ पिशवी बाजारातून गेली आहे का, हे तुम्ही तुमच्या मंडईत जाऊन बघा. मी एका शहरात पालिकेच्या पथकाची फेरी पाहिली आहे. कोथिंबीरवाल्या बाईने पथक दिसताच पिशव्यांची जुडी गोणपाटाखाली सरकवली. साहेबांनी ती काढलीच. अंगठा आणि तर्जनी यांच्यात एक पिशवी चोळली आणि निकाल दिला. मोजायचे यंत्र कोणाच्याच हातात नव्हते. राज्याच्या २०१८च्या अधिसूचनेप्रमाणे पहिल्या गुन्ह्याला पाच हजार रुपये दंड, दुसऱ्याला दहा, तिसऱ्याला पंचवीस हजार आणि तीन महिन्यांपर्यंत कैद. बाईच्या पाटीतला सगळा माल विकला तरी पाचशे रुपये झाले नसते. बरीच घासाघीस होऊन शेवटी पिशव्या जप्त झाल्या. हे चालले होते एका किराणा दुकानाच्या पायरीपाशी, आणि त्या दुकानाच्या दारावर शाम्पू, तेल, कॉफी, लोणचे, मुखवास यांच्या चकचकीत पुड्यांच्या माळा तोरणासारख्या लोंबत होत्या. त्यांच्याकडे कोणी मान वर करूनही पाहिले नाही. पाहायचे कारणही नव्हते, कारण त्या कायदेशीर होत्या.

आता त्या पुडीच्या आत शिरू. ती अशी का बनवतात, हे समजून घेतल्याशिवाय तिच्यावर राग काढण्यात अर्थ नाही.

मराठीत खाऊ बिघडण्याला दोन वेगळी क्रियापदे आहेत. शेव सादळते आणि शेव खवट होते. सादळते ती हवेतल्या ओलाव्याने, खवट होते ती प्राणवायूने. साध्या पॉलिथिनची पिशवी पहिले काम उत्तम करते. पाण्याची वाफ तिच्यातून फार कमी जाते, म्हणून गाठ मारलेल्या पिशवीत चकली चार-सहा दिवस कुरकुरीत राहते. पण प्राणवायू आणि वास यांना ती जवळजवळ उघडे दार आहे. पटत नसेल तर हिंगाची खडी साध्या पिशवीत बांधून कपाटात ठेवा. दुसऱ्या दिवशी साखरेलाही हिंगाचा वास येईल. पिशवीला भोक नसते. वासाचे रेणू पॉलिथिनच्या लांबलचक साखळ्यांमधल्या फटींतून वाट काढत बाहेर येतात. पॉलिएस्टरची, म्हणजे पाण्याची बाटली ज्याची बनते त्याच पदार्थाची फिल्म वास आणि प्राणवायू बऱ्यापैकी अडवते, छपाई छान घेते आणि ताठ राहते. पण तिला नुसत्या उष्णतेने झटकन चिकटवून पिशवी शिवता येत नाही. ते काम पॉलिथिनचे.

मग कारखानदाराने काय केले? दोघींचे लग्न लावून दिले. बाहेर १२ मायक्रॉनची पॉलिएस्टर, तिच्या आतल्या अंगाला छपाई, त्याखाली निर्वात यंत्रात वाफ करून बसवलेला ॲल्युमिनियमचा मुलामा आणि सगळ्यात आत चाळीस-पन्नास मायक्रॉनचे पॉलिथिन. मधे गोंद. ॲल्युमिनियमचा तो मुलामा इतका पातळ असतो की तसे हजारभर थर एकावर एक रचले तर कुठे माणसाच्या केसाची जाडी होईल. पण तेवढ्यानेही प्राणवायूचा आणि प्रकाशाचा रस्ता पुष्कळच बंद होतो. फाडायच्या जागी कडेला जी करवतीसारखी नक्षी असते, तीही हौसेची नव्हे. ताणून बनवलेल्या फिल्ममधले रेणू ओळीने लागलेले असतात. अखंड कडेला ती तुम्हाला दाद देत नाही, दातांनी ओढा नाहीतर काही करा. पण कडेला एक बारीकशी खाच असली की सगळा जोर त्या टोकाशी एकवटतो आणि पुडी सर्रकन फाटते. माणसाच्या कारागिरीचा हा अप्रतिम नमुना आहे, हे मी उपरोधाने म्हणत नाही. ग्रॅमभराच्या वस्तूत इतकी अक्कल ओतलेली दुसरी चीज घरात सापडणार नाही.

आणि ही सगळी अक्कल एका अंघोळीपुरती.

कारण हे लग्न मोडता येत नाही. पॉलिथिन ११० ते १३० अंशांच्या दरम्यान वितळते. पॉलिएस्टरला २५० अंशांच्या पुढे जावे लागते. दोन्ही एकत्र तापवली तर पॉलिएस्टर वितळेपर्यंत पॉलिथिन जळकट होऊ लागते, आणि दोन्ही पातळ झाली तरी तेल-पाण्यासारखी एकमेकांत मिसळत नाहीत. त्यातून जो दाणा निघेल तो ठिसूळ. त्याची धड बादलीही होत नाही, मग फिल्म कुठली व्हायला! थर सुटे करायच्या रासायनिक पद्धती आहेत, पण गल्लीबोळातून आलेल्या, आत शाम्पू नाहीतर मसाला चिकटलेल्या, ग्रॅम-दीड ग्रॅमच्या पुड्यांसाठी तो खर्च कोण करणार?

पुण्यात कचरा वर्गीकरणाच्या एका शेडमध्ये मी दोन-तीन सकाळी बसले होते. तिथल्या मावशींचे हात डोळ्यांच्या आधी चालत. कडकड वाजणारी पिशवी एकीकडे, मेणासारखी मऊ दुसरीकडे, शर्टाच्या खोक्यात येते ती काचेसारखी पारदर्शक तिसरीकडे. व्यापाराच्या भाषेत पहिल्या दोन पॉलिथिनच्या जाती, एचएम आणि एलडी, आणि तिसरी पीपी, म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. शंका आली की त्या पिशवी कानाशी चुरगाळत. अगदीच अडले तर शेजारचा भंगारवाला कोपरा पेटवून धूर हुंगे. मेणबत्ती विझवल्यासारखा वास आला की पॉलिथिन. जाडीबद्दल कोणी एक अवाक्षर काढले नाही. दुधाच्या पिशव्यांचा ढीग वेगळा आणि मानाचा. चकचकीत पुड्या मात्र मावशी हाताच्या पालथ्या बाजूने ढकलत होत्या. मी विचारले, ‘‘मावशी, याचं काय करता?’’

‘‘चमकीचं? त्याला कोण घेतंय ताई. गाडीत टाकतो. एवढं उचलायला लागतं, त्याचं काय मिळत नाही.’’

ज्या बायकांनी १९९३मध्ये पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना उभी केली, त्यांच्या पिढ्यांनी हे ज्ञान हातांनी मिळवलेले आहे. नियम लिहिताना त्यांच्यापैकी एकीला जरी शेजारी बसवले असते, तरी तिने पहिल्याच बैठकीत सांगितले असते, की ‘किती जाड’च्या आधी ‘एकाचे की मिसळीचे’ हे विचारा.

गंमत म्हणजे कायद्याने हे एकदा विचारले होते. १८ मार्च २०१६च्या केंद्रीय नियमांत एक वाक्य होते, की ज्याचे पुनर्चक्रीकरण होत नाही अशा बहुस्तरीय प्लास्टिकचे उत्पादन आणि वापर दोन वर्षांत टप्प्याटप्प्याने थांबवावा. म्हणजे मुदत १८ मार्च २०१८. ती आली आणि गेली. २३ मार्चला महाराष्ट्राने मोठ्या गाजावाजाने प्लास्टिकबंदीची अधिसूचना काढली आणि कोथिंबीरवालीच्या पिशवीवर पाच हजारांचा दंड बसवला. त्यानंतर चारच दिवसांनी, २७ मार्चला, केंद्राने आपल्या त्या वाक्यात दुरुस्ती केली. आता थांबवायचे ते असे बहुस्तरीय प्लास्टिक, ज्याचे पुनर्चक्रीकरण होत नाही, किंवा ज्यातून ऊर्जा मिळवता येत नाही, किंवा ज्याचा दुसरा काहीच उपयोग नाही. अर्थ असा लागला, की यांपैकी एक जरी जमत असेल तरी सुटका. आता प्लास्टिक तर सगळेच जळते. पॉलिथिन जाळले तर किलोला जवळजवळ डिझेलइतकी उष्णता देते. ‘जे जळते ते चालते’ अशी कसोटी लावल्यावर बंदीच्या जाळ्यात अडकायला उरले काय? पुडीवरची बंदी पुडीसारखीच एका बारीक खाचेवरून सर्रकन फाटली. त्या आठवड्यात आपण सगळे महाराष्ट्रात कापडी पिशव्या कुठे मिळतील याची चर्चा करत होतो.

आणखी एक बारकावा. २०१६च्या नियमांनी कॅरीबॅगप्रमाणेच वेष्टनासाठीच्या साध्या प्लास्टिक शीटलाही किमान ५० मायक्रॉनची अट घातली, पण ती शीट बहुस्तरीय वेष्टनाचा भाग असेल तर अट लागू नाही. म्हणजे १२ मायक्रॉनची फिल्म सुटी वापरली तर गुन्हा, आणि दुसऱ्या फिल्मला कायमची चिकटवून निरुपयोगी केली की माफ. फेब्रुवारी २०२२मध्ये उत्पादकांवर आपले वेष्टन परत गोळा करण्याची जबाबदारी टाकणारे नियम आले. ते स्वागतार्हच आहेत. पण त्यांतही ‘बहुस्तरीय’ हा वेगळा वर्ग आहे तो फक्त प्लास्टिकला कागद, धातू अशा प्लास्टिकेतर थराची जोड असेल तर. नुसत्या दोन-तीन जातींच्या प्लास्टिकांचे चिकटवलेले वेष्टन मऊ वेष्टनाच्या दुसऱ्या वर्गात, निखळ पॉलिथिनच्या पिशवीच्या मांडीला मांडी लावून बसते. लक्ष्य दोघांना एकच. मग कुठली कंपनी आपणहून एकाच जातीच्या फिल्मकडे वळेल?

उद्योगाची बाजू मला ठाऊक आहे, आणि ती हलक्यात घेण्यासारखी नाही. काचेची बाटली आणि पत्र्याचा डबा यांना लागणारा माल, इंधन, वाहतूक यांच्यापुढे ग्रॅमभराची पुडी फार काटकसरी आहे. अन्न नासले तर त्यामागे गेलेले पाणी, खत, डिझेल सगळेच वाया जाते, आणि पुडी ते वाचवते. दुसरा मुद्दा गरिबांचा. १९८०च्या दशकात तमिळनाडूतल्या छोट्या उद्योजकांनी शाम्पू पुडीत भरून विकायला सुरुवात केली आणि ज्याला बाटली कधीच परवडली नसती त्याच्या घरात शाम्पू पोहोचला. रोजच्या मजुरीवर जगणारा माणूस रोजच्यापुरतेच विकत घेतो. हे खरे आहे. पण आज ती माळ कोण घेऊन जाते तेही बघा. बऱ्याचदा मिलिलिटरमागे पुडीच बाटलीपेक्षा स्वस्त पडते, म्हणून सोसायटीतली माणसेही महिन्याच्या सामानात बारा पुड्यांची माळ घेतात. मी स्वतः घेतली आहे. हे दर कंपनी ठरवते, गरिबी नव्हे. आणि एकाच जातीच्या प्लास्टिकचे थर, म्हणजे बाहेर ताणलेले पॉलिथिन आणि आत साधे पॉलिथिन, किंवा दोन्हीकडे पॉलिप्रॉपिलीन, अशी वेष्टने बनवता येतात आणि बनतातही. अडवण्याची ताकद थोडी कमी, पैसा थोडा जास्त. काही मालाला ती पुरणार नाहीत. औषधाच्या गोळ्यांना नका लावू. पण शाम्पूची मुदत अडीच-तीन वर्षांची कशाला हवी? माळ टांगल्यापासून महिना-दोन महिन्यांत ती संपते. युरोपीय संघाने २०३०पर्यंत बाजारात येणारे वेष्टन पुनर्चक्रीकरणाजोगेच असले पाहिजे असा कायदा केला आहे. म्हणजे तिकडे विकायचा माल त्याच कंपन्या एका जातीत बांधायला शिकतील, आणि इकडे चमकी येतच राहील.

‘सॅशेवर बंदी घालणे अशक्य’ असे कोणी म्हणाले तर गुटख्याची आठवण करून द्यावी. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने मार्च २०११पासून गुटखा आणि पानमसाला प्लास्टिकच्या पुडीत विकायला मनाई झाली, आणि २०१६च्या नियमांतही ती कायम आहे. अंमलबजावणी कशी झाली हा निराळा विषय. पण पुडी कशाची असावी यात कायद्याला हात घालता येतो, हे तर सिद्ध झाले.

शेतातली गोष्ट थोडी वेगळी आहे, आणि तिथे माझा मुद्दा मलाच जरा वाकवावा लागतो. मिरची, टोमॅटो, कलिंगडाच्या बेडवर अंथरतात त्या चंदेरी-काळ्या फिल्मला शेतकरी ‘मल्चिंग पेपर’ म्हणतात. शेततळ्यातल्या जाड अस्तरालाही ‘कागद’च म्हणतात. कोकणात पावसाआधी पडवीवर ओढतात तोही प्लास्टिकचा कागद. कागद म्हणायची सवय लागली की तो मातीत मिसळून जाईल असे मनाला वाटू लागते की काय, कोण जाणे. मल्चिंगचा पेपर बहुधा २५-३० मायक्रॉनचा. पाच फुटांवर बेड धरले तर एकरात चारशे मीटरचे सहा-सात रोल लागतात, म्हणजे सत्तर किलोच्या आसपास प्लास्टिक. हे एकाच जातीचे असते, मिसळ नाही. तरी ते परत जात नाही. तीन-चार महिने ऊन खाल्ले की पॉलिथिनच्या साखळ्या तुटतात, फिल्म पापडासारखी होते, आणि ओढून काढताना निम्मी हातात, निम्मी मातीत. हातात येते तिलाही चिखल इतका असतो की भंगारवाला नाक मुरडतो. मग ती बांधावर पेटते. इथे जाडी खरोखर कामाची आहे, कारण जाड पेपर अखंड निघतो. चीनने याच कारणासाठी २०१८पासून आपल्या पेपरची किमान जाडी ८ मायक्रॉनवरून १० केली. आपल्याकडे पेपर अंथरायला अनुदान आहे. उचलायला नाही. अनुदानाचा शेवटचा हप्ता काढलेल्या पेपरच्या वजनावर दिला तर बांधावरचा धूर कमी होईल असे मला वाटते.

जाता जाता त्या ‘कापडी’ पिशवीविषयी. दुकानात हल्ली मिळणारी, हाताला कापडासारखी लागणारी, रंगीत पिशवी कापडाची नसते. ती पॉलिप्रॉपिलीनचे धागे विणल्याशिवाय दाबून केलेली असते. केंद्राच्या नियमात तिच्यासाठी चौरस मीटरला ६० ग्रॅमची वेगळी अट आहेच, म्हणजे सरकारला ती प्लास्टिक असल्याचे माहीत आहे. ग्राहकाला नाही. तो ती घेऊन प्लास्टिक सोडल्याच्या समाधानात घरी जातो.

मग काय करावे? दुधाच्या पिशवीपासून सुरुवात करता येईल, कारण तिथे निम्मे काम झालेले आहे. ही पिशवी बहुधा निखळ पॉलिथिनची असते आणि रोज त्याच घरी, त्याच माणसाच्या हातून येते. महत्त्वाचे म्हणजे तिच्याबरोबर आलेला क्रेट रोज सकाळी रिकामा परत जातो. परतीचा रस्ता इतका तयार असलेली दुसरी वस्तू मला माहीत नाही. महाराष्ट्राच्या २०१८च्या अधिसूचनेत दुधाच्या पिशवीवर किमान ५० पैसे परतीची किंमत छापायची अट होती. अर्ध्या लिटरची पिशवी तीन ग्रॅमची धरली तर किलोत सव्वातीनशेहून जास्त पिशव्या बसतात, म्हणजे किलोला १६५ रुपयांच्या वर. आमचा रद्दीवाला किलोला पंधरा-वीस देतो. एवढा भाव मिळाला असता तर रस्त्यावर एक पिशवी दिसली नसती. पण ती योजना कागदावर राहिली; डेअऱ्या, वितरक, दुकानदार यांच्यात ‘मोजायच्या कोणी आणि ठेवायच्या कुठे’ यावर गाडे अडले. मोजायच्या कशाला? वजन करा. क्रेटबरोबर पोते जाऊ द्या.

चमकीच्या पुडीला असा परतीचा रस्ता नाही. ती डोंगरावरच्या शेवटच्या पाड्यापर्यंत जाते आणि तिथेच राहते. म्हणून तिचा निकाल कारखान्यातच लागला पाहिजे. २०१८च्या दुरुस्तीतले ‘ऊर्जा’ आणि ‘दुसरा उपयोग’ हे शब्द काढून टाकावेत. वर्गवारी फिल्म कशाकशाची आहे यावर करावी आणि मिसळीच्या वेष्टनावर उत्पादकाकडून इतकी रक्कम घ्यावी, की ती वेचणाऱ्या मावशींना किलोमागे दुधाच्या पिशवीइतका तरी भाव मिळेल. इंधन म्हणून सिमेंटच्या भट्टीत जायची असेल तर जाऊ दे, पण तिथवर नेण्याची मजुरी पुडी विकणाऱ्याने द्यावी. मला खात्री आहे, असा भाव लागला की वर्षभरात अर्ध्या पुड्यांना एकाच जातीचे प्लास्टिक ‘परवडायला’ लागेल. आणि पुडीवर कशाकशाचे थर आहेत ते छापावे. मी घरातल्या सहा पुड्या उलटसुलट करून पाहिल्या. शाम्पूत काय काय आहे याची डोळे फुटतील इतक्या बारीक अक्षरात यादी होती. पुडी कशाची आहे, याचा एका शब्दाने उल्लेख नव्हता.

आईची सवय अजून सुटलेली नाही. मधे भावाने प्रवासासाठी म्हणून दोन-तीन महिने टिकणाऱ्या दुधाच्या पिशव्या आणून ठेवल्या होत्या, फ्रिजबाहेर ठेवल्या तरी चालतात त्या. आईने त्याही कापल्या, विसळल्या, टाइलवर थापल्या. महिन्याने रद्दीवाला आला. त्याने गठ्ठा सोडला, पिशव्या पत्त्यांसारख्या चाळल्या, मधेच थांबून एक कानाशी नेऊन चुरगाळली, मग दुसरी. अशा पाच निघाल्या. त्या त्याने काही न बोलता आईच्या हातात परत दिल्या आणि उरलेल्या काट्यावर ठेवल्या.